बॅरेकमधली मावशी

विधी सेवा प्राधिकरणाच्या कामासाठी महिला कारागृहात जाते, तेव्हा अर्ज लिहून घ्यायला आलेली बाई क्वचितच एकटी असते. सोबत कुणीतरी येतं. तिची पुढची तारीख पाठ असलेली, किंवा नुसतीच पाठीवर हात ठेवून बसणारी. ‘ही मावशी माझी,’ असं सांगतात. नातं बॅरेकमध्येच जुळलेलं.

बाहेर बरेचदा कुणी उरलेलंच नसतं. पुरुष कैद्याच्या मुलाखतीला बायको, आई, बहीण रांग लावतात. बाई आत गेली की सासर दार लावून घेतं आणि माहेर लाजेनं गप्प बसतं. मग आतल्याच एकमेकींच्या होतात. भांडतातही कडाकडा: पाण्यावरून, झोपायच्या जागेवरून, कुणाचा गुन्हा काय यावरून. सकाळी जिला शिव्या दिल्या, तिला रात्री ताप भरला की कपाळावर ओली पट्टी शिव्या देणारीच ठेवते.

लेकरू असलं तर ते अख्ख्या बॅरेकचं. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं. त्याच्या आहार-शिक्षणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सविस्तर निर्देश दिले आहेत. एका चिमुरडीची आई कोर्टात गेली होती. एकजण तिचे केस विंचरत होती, दुसरी खोबरेलाच्या बोटाने बटा बसवत होती, तिसरी फीत धरून उभी. पोरीला कैद्यांची गिनती कळत होती, बॅरेकची बंदी कळत होती. गाय मात्र तिने चित्रातच पाहिलेली.

सुटणारी बाई बादली, साबण, चादर मागच्यांना देऊन जाते. पण जामीन मंजूर होणं म्हणजे सुटणं नव्हे. जामीनदार लागतो, त्याचे कागद लागतात, आणि मावशी तर स्वतःच आत. हातात ऑर्डर असूनही बाई खितपत पडते, याचा मला मनापासून संताप येतो. महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं आहे. वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडावं, असे अर्ज आम्ही त्याच आधारावर लिहितो.

तुमच्या नात्यातली, शेजारची कुणी आत असेल, तर एकदा मुलाखतीला जा. स्त्रियांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तिच्या जामिनाच्या ऑर्डरची प्रत घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.