परवाना बॉडीगार्डचा, गोळ्या झाडल्या मालकाने! मग तपासायचं कुणी?

8 फेब्रुवारी 2024. बोरिवलीत फेसबुक लाइव्ह चालू होतं. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर आणि मॉरिस नोरोन्हा शेजारी बसून बोलत होते. लाइव्ह संपता संपता घोसाळकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते गेले. नंतर नोरोन्हाने स्वतःवरही गोळी झाडून घेतली. तो व्हिडिओ आपल्या गावच्या ग्रुपवरही फिरला. पण पिस्तूल कुणाचं होतं, हे किती जणांनी विचारलं?

पिस्तूल नोरोन्हाचं नव्हतंच. ते त्याच्या बॉडीगार्डचं होतं आणि परवाना उत्तर प्रदेशातला होता. बॉडीगार्डला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने हा तपास सीबीआयकडे दिला.

आता कायदा काय सांगतो ते बघू. बंदुकीचा परवाना माणसाच्या नावावर असतो. तो ट्रॅक्टरसारखा शेजाऱ्याला एक दिवस देता येत नाही. शस्त्र कायदा 1959, कलम 30 प्रमाणे परवान्याच्या अटी मोडल्या तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजारांत आज युरियाच्या सात गोण्या येतात, एवढीच काय ती किंमत!

म्हणून खरी जबाबदारी परवाना देणाऱ्यावर येते. आपल्याकडे तो कलेक्टर देतात, मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्त. आधी पोलीस स्टेशनचा अहवाल मागवावा लागतो. परवाना पाच वर्षांचा असतो. मधल्या काळात माणूस धोकादायक वाटला किंवा त्याने अटी मोडल्या, तर कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार त्यांच्याकडेच आहे. अधिकार आहे, पण तो बहुतेक वेळा गाजावाजा झाल्यावरच वापरला जातो.

बीडचं बघा ना. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि मग जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचं बाहेर आलं. त्यानंतर छाननी झाली, शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. हीच छाननी आधी का झाली नाही, हे विचारायला एका सरपंचाचा जीव जावा लागला.

आपल्या तालुक्यातही रानडुकरांसाठी पीकसंरक्षणाच्या बंदुका आहेत. आजोबा वारले, बंदूक तशीच माळ्यावर पडून, असं चालत नाही. वारसाने ती पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची आणि हवी असेल तर स्वतःच्या नावावर अर्ज करायचा. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामांनी हे वाचलेलं बरं.

आपल्या तालुक्यात परवाने किती, गेल्या पाच वर्षांत रद्द किती, हे माहिती अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज कलेक्टर ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. अर्जाची पोहोच घ्यायला विसरू नका.