कळा सुरू करण्याचा दिवस

सकाळी ६. दाखल झालेल्या पहिलटकरणीला पहिली गोळी दिली. मिसोप्रोस्टॉल, २५ मायक्रोग्रॅम, घोटभर पाण्याबरोबर. मोठी गोळी तोडून अंदाजानं द्यायची नसते. कळा आवरेनाशा झाल्या तर बाळाचे ठोके पडतात. हिचे एकोणचाळीस आठवडे भरलेत. गरोदरपणातला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि सोनोग्राफी बाळाचं वजन ३.९ किलो सांगते. आईची साखर वाढली की बाळाच्या खांद्यांवर, छातीवर चरबी चढते, डोकं मात्र त्या मानानं लहानच राहतं. मग डोकं बाहेर येतं आणि खांदा पुढच्या हाडामागे अडकतो. भीती असते ती त्या मिनिटाची.

सकाळी ८. दुसरी गोळी, पुन्हा ठोके. पिशवीचं तोंड अजून जाड, जेमतेम एक बोट. तिची आई विचारते, "मॅडम, दुपारपर्यंत हुईल न्हवं?" रात्रही होईल, असं मी स्पष्ट सांगते. दर दोन तासांनी २५ ची गोळी द्यायच्या या पद्धतीला आपल्या नागपूरचा आधार आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. गोळी घेतलेल्यांपैकी ५७ टक्के चोवीस तासांत नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या. पिशवीच्या तोंडात फुगा घातलेल्यांपैकी ४७ टक्के. म्हणजे गोळी देऊनही पुष्कळजणींना दिवस पुरत नाही. हे आधी कळलं तर घरचे धीर धरतात.

साडेदहा. ओपीडी. आमच्या राजारामपुरी भागात गल्लीगल्लीत दवाखाने, त्यामुळे दुसरं मत घ्यायला माणसं पायीच येतात. ही मुलगी माहेरी आलेली, अडतीसावा आठवडा, बाळ ३.७ किलोचं लिहिलेलं. साखर व्यवस्थित. सासूबाई म्हणाल्या, "बाळ मोठ्ठं हाय, आजच कळा आणा. न्हाईतर गुरुवारी मुहूर्त बघून सिझर करा."

मी रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून यंत्र वजनाचं गणित करतं, ते दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं. ३.७ म्हणजे सव्वातीनही असेल, सव्वाचारही. आपल्याकडे सरासरी बाळ तीन किलोच्या आतलं, म्हणून साडेतीन ऐकलं तरी घर घाबरतं. कळा लवकर आणण्यात काही अर्थ नाही, असंही नाही. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि बेल्जियममधल्या २०१५ च्या अभ्यासात खांदा अडकणं कमी झालं, सिझर वाढली नाहीत. पण काविळीसाठी दिव्याखाली ठेवावी लागलेली बाळं वाढली. ब्रिटनमधला २०२५ चा अभ्यास तीनेक हजार बायकांचा. त्यात खांदा अडकण्याचं प्रमाण कळा लवकर आणायच्या गटात २.३, तर थांबायच्या गटात ३.१ टक्के निघालं, आणि एवढ्या फरकावर छातीठोक काही सांगता येत नाही. साखर नसेल तर मी एकोणचाळीस आठवड्यांआधी घाई करत नाही. पण ठरवायचं तिनं. सगळे बोलून झाल्यावर तिला विचारलं. ती म्हणाली, "मी थांबतो, मॅडम."

दुपारी १. जेवणाआधी सिस्टरांबरोबर बाहुलीवर सराव. मांड्या पोटाकडे कोणी दाबायच्या, ओटीपोटावर कोणी रेटायचं, वेळ कोणी मोठ्यानं सांगायची. खांदा अडकतो त्यातली जवळपास निम्मी बाळं चार किलोच्या आतलीच असतात. सोनोग्राफीत कुणाचा अडकेल ते दिसत नाही, म्हणून प्रत्येक बाळंतपणाला हात तयार हवेत.

दुपारी ३. कळा धरल्या. गोळ्या बंद. ती बहिणीचा हात धरून व्हरांड्यात फिरतेय.

संध्याकाळी ६. पाच सेंटिमीटर. नातेवाईक जिन्यात उभे: "किती तरास काढायचा पोरीनं? सिझर करून टाका." पहिलटकरणीचा निम्मा वेळ इथवर यायलाच जातो. आई ठीक, ठोके ठीक, आणि तरी 'प्रगती नाही' म्हणून पोट कापायचं, याला मी अन्याय म्हणते. पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर त्या व्रणाचं सावट राहतं. तिला स्वतःला विचारलं. तिला सिझर नको होतं, दुखणं कमी हवं होतं. भूलतज्ज्ञांनी येऊन पाठीत इंजेक्शन दिलं.

रात्री १०.२०. पूर्ण उघडली. बालरोगतज्ज्ञ येऊन थांबलेले, दुसरी सिस्टर टेबलाशी. डोकं आलं आणि पुन्हा आत खेचल्यासारखं झालं. खांदा अडकला होता. मी तिला जोर थांबवायला सांगितलं. दोघींनी मांड्या पोटाकडे दाबल्या, तिसरीनं ओटीपोटावर रेटलं. "तीस सेकंद," सिस्टर म्हणाली. पंचेचाळीसला खांदा सुटला. मुलगी, लगेच रडली. दोन्ही हात हलवतेय ना, हे आधी पाहिलं. काट्यावर ३ किलो ६५०.

रात्री ११.१५. बाळाला अंगावर पाजून झालं. मधुमेही आईच्या बाळाची साखर जन्मानंतर एकदम उतरू शकते, म्हणून टाचेतून थेंब घेतला: ५४. पुढची तपासणी पुढच्या पाजण्याआधी, रात्रपाळीच्या सिस्टरकडे. सकाळी ओपीडीत आलेल्या मुलीची नोंद वहीत केली: सोमवारी रक्तदाब, ठोके आणि पुन्हा बोलणं, सासूबाईंसह.