दगडासारखा दिसणारा उपकारकर्ता

ज्याला हृदय नाहीं, मेंदू नाहीं, मुख नाहीं, त्याला प्राणी कसें म्हणावें? स्पंजाविषयीं ही शंका साहजिक आहे; फार काळ त्याची गणना वनस्पतींतच होत असे. परंतु तो प्राणीच होय. अंगावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी आंत घ्यावें, त्यांतील अन्नकण वेंचावे व गाळलेलें पाणी मोठ्या छिद्रावाटे बाहेर सोडावें, हाच त्याचा जन्मभराचा उद्योग.

या कुळांतील टेक्टिटेथिया क्रिप्टा नांवाचा स्पंज अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगत व कॅरिबियन समुद्रांतील उथळ पाण्यांत राहतो. क्रिप्टा म्हणजे गुप्त. वाळू व शेवाळ यांनीं तो इतका झांकलेला असतो कीं, पाहणाऱ्यास दगडच वाटावा.

येल विद्यापीठांतील रसायनज्ञ वेर्नर बर्गमन कांहीं औषध शोधीत नव्हते. समुद्रांतील प्राण्यांच्या अंगच्या स्निग्ध द्रव्यांचा ते अभ्यास करीत. हा स्पंज अ‍ॅसिटोनमध्यें उकळून अर्क काढीत असतां त्यांतून अनपेक्षितपणें स्फटिक निघाले. रॉबर्ट फीनी यांच्यासह त्यांनीं १९५० व १९५१ सालीं त्याविषयीं निबंध प्रसिद्ध केले.

त्या स्फटिकांचें महत्त्व असें. प्रत्येक पेशी दुभंगण्यापूर्वीं आपल्या आनुवंशिक पोथीची नक्कल करते. त्या पोथीच्या अक्षरांत डीऑक्सिरायबोज नांवाची शर्करा असते. स्पंजांतील अक्षरांत तिच्या जागीं अरॅबिनोज निघाली. रूप जवळजवळ तेंच, पण पुढील अक्षराशीं संधि मात्र नीट जुळत नाहीं. असें अक्षर नक्कल करणाराच्या हातीं पडलें कीं, लेखन मध्येंच अडतें. याच धर्तीवर १९५९ सालीं बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत सायटॅरबिन हें औषध तयार झालें व १९६९ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगांत बेसुमार वाढणाऱ्या पेशींवर त्याचा घाव पडतो. मात्र अस्थिमज्जेंतील निरोगी पेशींनाही तो लागतो. म्हणून रक्त वारंवार तपासूनच डॉक्टर तें देतात.

आज हें औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादींत आहे. आपल्याकडील रुग्णालयांतही तें दिलें जातें. तें कारखान्यांतच बनत असल्यानें त्यापायीं एकाही स्पंजाचा बळी द्यावा लागत नाहीं. पण कल्पना सुचली ती स्पंजावरून. आतां समुद्र तापून प्रवाळांचे खडक निस्तेज होत आहेत, आणि त्यांच्या आश्रयानें राहणारे कित्येक जीव अद्याप कोणी तपासलेलेही नाहींत. त्यांतील कोणता निरुपयोगी, हें आधींच ठरविणें शहाणपणाचें नव्हे. घरांतील मुलांनीं एखाद्या क्षुद्र जीवाविषयीं “याचा उपयोग काय?” असें विचारलें, तर त्यांना या स्पंजाची हकीकत अवश्य सांगावी.