घोड्याचा डोळा: काढायचा की 'असू दे' म्हणायचं?

मंडळी, आजचा प्रश्न वरवर अगदी व्यवहारातला आहे. घोड्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आहे, डोळा मात्र जागेवर आहे. डॉक्टर म्हणतात, काढून टाकू. मालक म्हणतो, असू दे बिचाऱ्याचा, विद्रूप कशाला करायचा? आता हे 'विद्रूप' कोणाला दिसणार? घोडा काही आरशात बघत नाही.

आपण गृहीत धरतो की दिसत नाही म्हणजे दुखतही नाही. तसं नसतं. घोड्याच्या डोळ्यात आत वारंवार दाह होणारा एक आजार आहे, युव्हायटिस. त्याचा चंद्राच्या कलांशी संबंध आहे असं जुने लोक मानत, म्हणून इंग्रजीत त्याला 'मून ब्लाइंडनेस' म्हणतात. त्यातून पुढे डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणजे काचबिंदू. अशा आंधळ्या डोळ्याचा ठणका महिनोन्‌महिने चालतो. आणि घोडा पडला भक्ष्य होणारा प्राणी. तो दुखणं दाखवत नाही. बारकाईनं पाहिलं तर कळतं: पापण्यांचे केस खाली झुकलेले, डोळा किलकिला, सतत पाणी.

बेंथमनं 1789 मधल्या आपल्या ग्रंथात, एका तळटीपेत, पूर्ण वाढलेल्या घोड्याची तुलना तान्ह्या मुलाशी केली आहे. त्याचा मुद्दा असा, की प्राण्याला विचार करता येतो का, बोलता येतं का, हे विचारूच नका. त्याला वेदना होते का, एवढंच विचारा. आपल्या प्रश्नाला हा निकष नेमका लागू पडतो.

शस्त्रक्रियेची भीती वाटते तितकी ती भयंकर नाही. पुष्कळदा घोड्याला आडवंही करत नाहीत. गुंगीचं औषध देऊन, डोळ्याभोवतीचा भाग बधिर करून, उभ्या उभ्याच करतात. बहुतेक वेळा पापण्या आधी एकमेकींना शिवून घेतात, आतला गोळा सोडवून काढतात, पापण्यांच्या कडा कापतात आणि कातडी कायमची शिवून टाकतात. खोबण पुढे खोल जाते. आत सिलिकॉनचा गोळा बसवता येतो, पण जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल तर नाही. खरं सांगायचं तर ती सोय आपल्या डोळ्यांसाठी आहे.

खरी कसोटी नंतरची. सूज येते, पहिले काही दिवस त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी येऊ शकतं, त्यानं घाबरू नये. पण रक्त धारेनं आलं, पू किंवा वास आला, सूज कमी होण्याऐवजी वाढली, तर लगेच डॉक्टर. घोडा जखम खांबाला घासतो, म्हणून डोळ्यावर संरक्षक टोपरं हवं, आणि माश्या लांब ठेवायच्या. वेदनाशामक ठरल्याप्रमाणे. लीद नीट टाकतो का, खातो का, हे रोज पाहायचं, कारण अशा वेळी पोटशूळ उठू शकतो. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात.

मग सवयीचा काळ. दोन्ही डोळे मिळून घोड्याला जवळपास 350 अंश दिसतं. आता एक बाजूच गेली. तो मान वळवायला शिकतो, आणि बहुतेक घोडे पुन्हा कामाला लागतात. पॅच नावाचा, डावा डोळा काढलेला घोडा 2017 साली अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत धावला.

शिकायचं असतं ते मोतद्दारानं. आंधळ्या बाजूनं जाताना आधी आवाज द्यायचा, मग मानेवर हात ठेवायचा, मगच खरारा. दावणीला त्या बाजूला भांडखोर शेजारी नको. आणि घरातल्या पोरांना त्याची ती बाजू कोणती, हे पहिल्याच दिवशी दाखवून ठेवायचं.