पाहिलं आणि वाटलं

धडगावकडच्या डोंगरातली आश्रमशाळा. स्वयंपाकघराच्या मागे दोन वाफे, त्यात सहावीच्या वर्गाने जूनमध्ये लावलेला निशिगंध. मोठ्या कंदाला फूल आधी येतं का, एवढाच प्रश्न. "येणारच!" म्हणून वर्ग मोकळा झाला होता. सर म्हणाले, लावून बघू.

निशिगंध मुद्दाम निवडलेला. बियांपासून आलेल्या रोपांत आपापसात फरक असतो, पण एकाच बेटातून सुटे केलेले कंद मुळात एकाच झाडाचे. म्हणजे पुढे फरक दिसला तर तो वाणाचा नाही, एवढं तरी ठामपणे म्हणता येतं. कमी-जास्त पाण्याचा प्रयोग सरांनी आधीच बाद केला. सातपुड्यातल्या पावसात कोणत्या वाफ्याला किती पाणी मिळालं, हे कोण सांगणार?

मुलांनी आधी मोठे कंद एका वाफ्यात आणि लहान दुसऱ्यात ठेवले. दिसायला मांडणी नीटनेटकी होती. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, या वाफ्यावर दुपारी निंबाची सावली येते." मग सगळे कंद उचलून दोन्ही वाफ्यांत मोठा-लहान, मोठा-लहान असे एकाआड एक मांडले. खोली काडीने मापली. माझ्या मते अख्ख्या पावसाळ्यातला विज्ञानाचा सर्वांत चांगला तास हाच होता, आणि तेव्हा एकही कोंब वर आलेला नव्हता.

मोजमापात वेगळीच गंमत. प्लास्टिकच्या पट्टीवर शून्याची रेघ काठावर नसते, थोडी आत असते. पट्टी मातीवर टेकवली की उंची तेवढी कमी भरते. शिवाय पावसाने माती वाहून गेली की कालच्यापेक्षा आज रोप उंच, न वाढताच! म्हणून प्रत्येक रोपाशेजारी एक खुंटी ठोकली, तिच्यावर रंगाची खूण केली आणि उंची त्या खुणेपासून मोजायची असं ठरलं.

वहीत दोन रकाने होते, 'पाहिलं' आणि 'वाटलं'. घरी पावरी बोलणाऱ्या या मुलांना 'निरीक्षण' आणि 'अनुमान' हे पुस्तकी शब्द जड जातात, हे दोन जात नाहीत. एक कंद उगवलाच नाही. एकाने 'पाहिलं'मध्ये लिहिलं, "पाणी साचून कुजला." सरांनी विचारलं, "पाणी साचलेलं पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. उकरल्यावर कंद मऊ लागला, वास मारत होता. तेवढंच 'पाहिलं'मध्ये राहिलं, पाणी पलीकडच्या रकान्यात गेलं. तो कंद यादीतून काढून टाकू, असंही कुणीतरी सुचवलं. नाही काढला.

या पद्धतीला या भागात जुना आधार आहे. सातपुड्याच्या पलीकडे होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांतून प्रयोगांवर आधारलेलं विज्ञान शिक्षण सुरू झालं, ते 2002 पर्यंत चाललं. डोंगराच्या अलीकडच्या बाजूला खानदेशात, खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात काम केलं. पण मला वाटतं, मुलांना ही रीत घरूनही ठाऊक असते. बाप नवीन बियाणं सगळ्या शेतात पेरत नाही, आधी दोन ओळींत टाकून बघतो. फक्त वहीत लिहीत नाही.

नवरात्राच्या सुमारास फुलदांडे निघाले. मोठ्या कंदांना बहुतेक आधी, लहानांपैकी बरेच नुसत्या पातीवरच राहिले. पण एक मोठा कंदही पातीवरच थांबला होता. त्यावरून वर्गात भांडण झालं. "मोठ्याला आधी येतं" असं फळ्यावर लिहायचं की नाही? शेवटी वाक्यात 'बहुतेक' घातलं, आणि तो शब्द खोडू द्यायला सावलीवाली मुलगी काही केल्या तयार होईना.

पुढचा प्रश्न मागच्या बाकावरून आला: कंद उलटा लावला तर? त्यासाठी स्वयंपाकघरातून कांदे मागून आणले आहेत. निम्मे सुलटे, निम्मे उलटे, एकाआड एक.