पन्नाशीनंतर सुरुंग काढायला जावे काय?

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला जिन्यातच गाठले. वय पंचावन्न, आयुष्य बँकेत गेलेले, मुले मार्गी लागलेली. म्हणाले, “सर, कंबोडियात जाऊन भूसुरुंग काढावेत असं फार वाटतं. लष्कराचा अनुभव शून्य. जमेल का?” अशा प्रश्नाला हसणे सोपे. पण प्रश्न खरा आहे, तेव्हा आज तोच घेऊ.

आधी काम काय असते ते बघा. थायलंडच्या सीमेलगत १९८०च्या दशकात सुरुंगांचा मोठा पट्टा पेरला गेला. लढाई थांबली, सुरुंगाला मात्र तह कळत नाही. तो काढणारा माणूस सुमारे एक मीटर रुंदीच्या आखलेल्या पट्टीत, चेहऱ्यावर जाड पारदर्शक आवरण लावून डिटेक्टर फिरवतो. आवाज आला की खूण करायची, गुडघ्यांवर बसायचे आणि बाजूने थोडी थोडी माती काढत जायचे. बहुतेकदा निघतो खिळा, नाहीतर डब्याचा पत्रा. तरी पुढच्या आवाजाला तेवढाच मान द्यायचा. म्हणजे इथे शौर्यापेक्षा न कंटाळण्याला जास्त किंमत.

आता अनुभवाचे. पट्टीत बसणारे बहुसंख्य लोक त्याच देशातले, पुष्कळदा त्याच भागातले असतात. श्रीलंकेच्या उत्तरेत तर युद्धात नवरा गमावलेल्या स्त्रियाही हे काम शिकल्या. त्यांनाही आधीचा अनुभव नव्हता. संस्थेने काही आठवडे शिकवले आणि कडक देखरेखीखाली कामाला लावले. मग आपल्या गृहस्थांची अडचण कोणती? वय नव्हे. त्या पगारावर तिथले एक घर चालते, आणि ती जागा तिथल्याच माणसाची असणे न्याय्य आहे. बाहेरून जातो तो बहुधा तांत्रिक सल्लागार. त्याच्यामागे स्फोटके निकामी करण्याची अनेक वर्षे असतात. आपल्या लष्करातल्या निवृत्तांच्या संस्थांनी श्रीलंकेत काम केले ते याच बळावर. पंधरा दिवसांच्या महागड्या कोर्सने ती वर्षे भरून निघत नाहीत. पैसे भरण्याआधी विचारावे : यानंतर मला नक्की कोण कामावर घेतो?

पण सुरुंगमुक्तीच्या संस्थेत हिशेब, खरेदी, वाहने, नकाशे, गावकऱ्यांशी बोलणे अशी कामेही असतात. रुग्णवाहिका उभी नसेल तर पट्टीत कोणी उतरत नाही, आणि त्या गाडीचे डिझेल कोणाच्या तरी सहीने येते. हे सांगितल्यावर गृहस्थांचा चेहरा उतरला. “हिशेबच करायचा, तर बँक काय वाईट होती?”

इथे आमचा विषय आला. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाही असे आपण जाणतो. पण अट अशी की, ती असती तर दिसलीच असती, एवढी तयारी हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही. सुरुंगमुक्तीचे सगळे शास्त्र या अटीवर उभे आहे. डिटेक्टर रोज नमुन्यावर तपासतात, ठरलेल्या खोलीपर्यंत शोधतात, साफ झालेली जमीन दुसऱ्याकडून तपासून घेतात, नोंदी ठेवतात. तेव्हा कुठे ‘इथे काही नाही’ असे लिहून जमीन शेतकऱ्याच्या हाती देता येते. त्या एका ओळीवर विसंबून उद्या पोरे खेळणार असतात. नोंद चुकली, तर पट्टीतल्या माणसाचे कष्ट वाया गेले.

म्हणून आम्ही त्यांना एकच विचारले : जमीन साफ व्हावी असे वाटते, की ती आपल्या हातून साफ व्हावी असे? दुसरी इच्छा लाजिरवाणी नाही, माणसाची आहे. फक्त दोन्हींची गल्लत नको, कारण किंमत दुसराच मोजतो.

त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही. आम्हीही घाई केलेली नाही. आता आपले प्रश्न घेऊ.