कासवाचे चित्र

दोन हंस आणि कासव ही पंचतंत्रातली गोष्ट आपण ऐकली आहे. ती दूरदेशी गेली. फ्रान्सच्या ला फोंतेन या कवीने १६७८-७९ साली ती पद्यात घेतली. पुढे १८३७ च्या सुमारास लाहोरच्या इमामबक्ष या चित्रकाराने त्याच्या गोष्टींची चित्रे जलरंगांत काढली.

जलरंग कसे देतात? आधी फिकट रंग; तो वाळला की गडद. पांढरा ढग हवा, तर तिथे कागद कोरा ठेवायचा.

आम्ही मुलांना सांगत असू, कासव पडलेले काढू नका. तोंडात काठी आणि खाली हसणारी माणसे, बस्स! मग बघणारे पोर विचारते, "पुढं काय झालं?"

कासवाने तोंड उघडले, ते पडले. आपण मात्र तोंड उघडून पोराला पुढचे वाचून दाखवायचे!